रुमालाची गाठ

जुलै लागला की सातारा-सांगलीच्या वर्तमानपत्रांत रोज एक चौकट छापून येते. कोयनेत आज इतके टीएमसी पाणी, आवक इतके क्युसेक, वक्र दरवाजे इतके फूट उचलले. कराडच्या प्रीतिसंगमावर फिरायला येणाऱ्यांना आणि सांगलीच्या आयर्विन पुलावर पातळी बघायला जमणाऱ्यांना हे आकडे तोंडपाठ असतात. धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी आणि वीजप्रकल्पाची १,९६० मेगावॉट, हे तर स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा कुठलाही मुलगा सांगेल. त्याच मुलाला शिवसागर जलाशयाखाली गेलेल्या पाच गावांची नावे विचारावीत. मुलालाच कशाला, कोयनानगरच्या नेहरू उद्यानात सहल घेऊन आलेल्या गुरुजींना विचारावीत. बहुतेक जण गप्प राहतील.

जावळी, पाटण आणि महाबळेश्वर तालुक्यांतली शंभराच्या आसपास गावे या पाण्याने उठवली. त्यांची नावे कुणी खोडली नाहीत, कुणी जाळली नाहीत. ती कागदावर आहेत आणि कागद सरकारी दप्तरात आहेत. तरीही दोन पिढ्यांत ती महाराष्ट्राच्या आठवणीतून गेली. राज्यसत्ता लोकांच्या भूतकाळावर ताबा कसा मिळवते, हा प्रश्न ज्या कादंबऱ्यांनी जगभर गाजवला, त्या वाचताना म्हणूनच कोयनेचे खोरे डोळ्यांसमोर ठेवायला हवे.

जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ ही कादंबरी १९४९ मध्ये आली. तिचा नायक विन्स्टन सरकारी नोंद विभागात काम करतो. सरकारचे भाकीत चुकले की जुन्या वर्तमानपत्राचा अंक काढायचा, भाकीत बदलायचे, अंक नव्याने छापायचा आणि जुनी प्रत भिंतीतल्या झरोक्यातून भट्टीत सोडायची. रे ब्रॅडबरीच्या १९५३ च्या ‘फॅरनहाइट ४५१’ मध्ये अग्निशमन दल आग विझवत नाही, घरोघरी जाऊन पुस्तके जाळते. काही माणसे रानात राहून एकेक पुस्तक पाठ करून ठेवतात. लोइस लॉरीच्या ‘द गिव्हर’ मध्ये साऱ्या समाजाची आठवण एकाच माणसाकडे सोपवलेली असते आणि बाकीचे सुखाने, काहीही न आठवता जगतात. जपानी लेखिका योको ओगावा यांच्या कादंबरीतल्या बेटावर एकेक वस्तू नाहीशी होते आणि ती ज्यांना आठवत राहते त्यांना पोलीस उचलून नेतात.

ऑर्वेलच्या भट्टीची आठवण सगळे काढतात. त्याच कादंबरीतल्या एका साध्या प्रसंगाकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही. विन्स्टन कामकऱ्यांच्या वस्तीतल्या दारूच्या गुत्त्यात एका म्हाताऱ्याला गाठतो. क्रांतीच्या आधीचे दिवस बरे होते की आत्ताचे, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. म्हाताऱ्याला खूप काही आठवते. उंच टोप्या आठवतात, कधीकाळी रस्त्यात झालेली बाचाबाची आठवते, बिअरचे जुने माप आठवते. पण त्या तुकड्यांची सांगड घालायला विन्स्टनच्या हाती एकही खरा कागद नाही. म्हातारा खोटे बोलत नाही, तरी त्याच्या आठवणीला वजन येत नाही. माणसाकडे आठवण आहे, सरकारकडे कागद आहे आणि दोघांची गाठ पडत नाही. भूतकाळावरचा ताबा इथे सुरू होतो. त्यासाठी भट्टी पेटवावीच लागते असे नाही.

मराठी वाचकाला जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा आठवेल. पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नाही असे जग गंगाधरपंत पाहून येतात. त्यांच्यावर विश्वास कोण ठेवणार? शेवटी खिशात राहिलेले बखरीचे एक फाटके पान त्यांच्या बाजूने उभे राहते. आठवणीच्या हाती एक पान आले आणि बोलणे बदलले.

सातारा जिल्ह्याने हे सगळे कथा-कादंबऱ्यांच्या कितीतरी आधी भोगले आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराज बसले आणि कारभाराची सूत्रे कंपनीचा अधिकारी जेम्स ग्रँट डफ याच्या हाती आली. १८२२ पर्यंत तो साताऱ्यात होता. बखरी, सनदा, वंशावळी, रोजनिशा त्याच्यासमोर येत गेल्या. १८२६ मध्ये त्याचा मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत लंडनला छापला गेला. थोड्याच वर्षांत कॅप्टन डेव्हिड केपनने त्याचे मराठी भाषांतर केले आणि ते शिक्षणात रूढ झाले. डफ कष्टाळू होता, त्याने वाचलेले कागद फार थोड्यांनी वाचले होते, हे मान्य करायलाच हवे. पण राज्य जिंकणाऱ्या सरकारच्या अधिकाऱ्याने लिहिलेला इतिहास राज्य गमावलेल्यांची मुले शिकू लागली आणि तो ताडून बघण्याची सोय त्यांच्याकडे नव्हती. नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने १८६० च्या दशकाच्या अखेरीस डफच्या ग्रंथाची जाहीर चिकित्सा केली, तोवर एक संपूर्ण पिढी उलटून गेली होती.

मूळ कागद पुण्यात होते. पेशवे दप्तराचे हजारो रुमाल इंग्रजांनी ताब्यात घेऊन सांभाळले. कापडात बांधलेल्या मोडी कागदांच्या गठ्ठ्याला दप्तरखान्यात रुमाल म्हणतात. ते रुमाल इंग्रजांना हवे होते ते इनामांच्या चौकशीसाठी. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ दिले. वाडवडिलांपासून जमीन खाणाऱ्याने सनद दाखवावी, न दाखवल्यास इनाम खालसा, असा तो मामला. मालकी सिद्ध करण्याचे ओझे रयतेवर आणि ती पडताळण्याचे कागद सरकारच्या कुलपात! कमिशनचे काम संपले तरी कुलूप राहिले. इतिहासाच्या अभ्यासकाला आत सोडले तर जुन्या हक्कांचे नवे दावे उभे राहतील, ही भीती सरकारला सुटेना. न्यायमूर्ती रानडे यांनी या दप्तराचे मोल ओळखले होते. गणेश चिमणाजी वाड यांना रोजनिशांमधून वेचे काढू दिले गेले. पण स्वतंत्र संशोधकाला मोकळेपणी आत जाता येत नव्हते.

मग जे घडले त्याचा साताऱ्याने अभिमान धरावा. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी सरकारी दाराशी वाट पाहत बसण्याऐवजी लोकांची दारे ठोठावली. वाईत त्यांना जुन्या घराण्यातले कागद मिळाले आणि त्यांतून १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. पुढे ते गावोगाव पायी हिंडले. माळ्यावरच्या पेट्या, देवघरातली बासने, वाळवीने अर्धी खाल्लेली पोती त्यांनी उपसली. मालेचे बावीस खंड झाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. सरकारच्या कुलपापुढे लोकांनी आपले दप्तर उभे केले.

पेशवे दप्तर उघडले ते पुढे. बडोदा संस्थानच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या गोविंद सखाराम सरदेसाई यांच्यावर निवडक कागद प्रसिद्ध करण्याचे काम सोपवले गेले आणि १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंड निघाले. १८१८ पासून मोजले तर पहिला खंड हाती यायला एकशे बारा वर्षे लागली. कागद टिकले याचे श्रेय इंग्रजांना द्यावेच लागेल. खासगी घरांतल्या कागदांचे हाल राजवाड्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. दोष सांभाळण्यात नव्हता, गाठ न सोडण्यात होता. त्या एकशे बारा वर्षांत आपल्या आजोबांनी काय केले, हे आपल्याला दुसऱ्याकडून ऐकावे लागले.

उघड बंदीही होतीच. सावरकरांचा १८५७ वरचा ग्रंथ १९०९ मध्ये छापून हिंदुस्थानात पोहोचण्याआधीच सरकारने बेकायदा ठरवला. पण बंदीचा एक गुण असा की ती दिसते. बंदी घातलेले पुस्तक लोक मुद्दाम शोधतात, लपवून वाचतात, हाताने उतरवून काढतात. कुलूपबंद दप्तराबद्दल कुणाच्या मनात अशी ओढ निर्माण होत नाही, कारण आत काय आहे हेच ठाऊक नसते.

एक योगायोग इथे सांगायला हवा. ऑगस्ट १९४१ ते नोव्हेंबर १९४३ ऑर्वेल बीबीसीच्या हिंदुस्थानासाठीच्या विभागात नोकरीला होता. त्याने लिहिलेली प्रत्येक संहिता युद्धकाळातल्या सेन्सॉरच्या हाताखालून जाई. तिथून मराठीतूनही बातमीपत्रे निघत आणि त्यांतल्या काहींचा मूळ इंग्रजी मजकूर ऑर्वेल लिहीत असे. त्याच कचेरीत कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळच्या वेणू चितळे त्याच्या सहकारी होत्या. लंडनहून मराठी बोल हवेत सोडले जात होते, त्याच महिन्यांत कृष्णाकाठी इंग्रजांचा अंमल ढासळत होता. क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा आणि सांगलीत, न्यायनिवाडे करत होते. ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या तुफान सेनेतल्या तरुणांनी कराडजवळ शेणोलीला रेल्वेचा पगार नेणारी गाडी अडवली. या लोकांना सरकारी कागदांत दरोडेखोर म्हटले गेले.

स्वातंत्र्य आल्यावर तो शब्द पुसला जायला हवा होता. १९७२ मध्ये केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले. भूमिगतांनी पुरावा काय द्यायचा? फरारी म्हणून जाहीर झाल्याचा, डोक्यावर बक्षीस लागल्याचा किंवा बजावता न आलेल्या अटकेच्या हुकमाचा कागद. तो नसेल तर दीर्घ कारावास भोगलेल्या सैनिकाचा दाखला. ज्याने आपले काम इतके चोख केले की पोलिसांना नावही कळले नाही, त्याच्याकडे कागद कुठून येणार? भाकरी पोहोचवणाऱ्या, निरोप नेणाऱ्या, शस्त्रे लपवणाऱ्या बाया तर कुणाच्याच यादीत नव्हत्या. नाना पाटलांच्या कन्या हौसाबाई पाटील यांनी भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवऱ्याकडून मार खाण्याचे नाटक वठवले आणि पोलीस ते भांडण सोडवायला बाहेर आल्यावर सोबत्यांनी आतली शस्त्रे पळवली. ही हकिगत पी. साईनाथ यांनी त्यांच्या तोंडून ऐकून, नोंदवून घेतली म्हणून आपल्याला माहीत आहे. हौसाबाई २०२१ मध्ये गेल्या. अशा किती जणी आपली गोष्ट बरोबर घेऊन गेल्या असतील, याचा हिशोब कुठल्याच कचेरीत नाही.

प्रतिसरकारच्या त्या पिढीचा धागा थेट कोयनेपर्यंत येतो. कासेगावचे बाबूजी पाटणकर आणि इंदुताई पाटणकर हे त्या लढ्यातले. त्यांचे पुत्र डॉ. भारत पाटणकर यांच्या श्रमिक मुक्ती दलाच्या झेंड्याखाली २०१८ मध्ये कोयनेचे धरणग्रस्त कोयनानगरला ठिय्या देऊन बसले. धरणाचे बांधकाम १९५० च्या दशकात सुरू झाले आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी चढले. म्हणजे पाणी चढल्यावर अर्धशतक उलटून गेले, तरी म्हातारी माणसे, त्यांची मुले आणि नातवंडे जमिनीचा हक्क मागत उन्हात बसली होती. त्यांच्या मागण्यांत एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता, तो म्हणजे संकलन.

धरणग्रस्तांच्या घरात हा शब्द लहान मुलालाही माहीत असतो. कुणाची किती जमीन गेली, खातेदार कोण, वारस किती, बदल्यात काय मिळाले, काय बाकी आहे, हे सारे ज्या नोंदवहीत एकत्र असते ते संकलन रजिस्टर. त्यात नाव असेल तर माणूस धरणग्रस्त. नाव नसेल, चुकले असेल, भावकीत एकाच्याच नावावर खाते राहिले असेल, तर त्याने आधी तो धरणग्रस्त आहे हे सिद्ध करायचे. कोयनेचे लोक सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड, ठाणे अशा जिल्ह्यांत विखुरले. राज्याचा पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्ये आला, तोवर कोयनेचे खोरे रिकामे होऊन गेले होते. काही जण पाण्याच्या वर, डोंगरउतारावर सरकले. त्या रानाचे १९८५ मध्ये अभयारण्य झाले, २०१० मध्ये ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेले आणि एकदा उठलेल्यांतल्या अनेकांवर पुन्हा उठण्याची वेळ आली. दर खेपेला नवा अर्ज आणि नवा पुरावा.

यात एक गोष्ट कोयनेची म्हणून वेगळी आहे. एरवी जमिनीचा वाद झाला की तलाठी, सर्कल शिवारात जातात. बांध दिसतो, शिवेचा दगड सापडतो, विहीर असते, शेजारचा खातेदार असतो, पंचनामा होतो. इथे शीव, बांध, विहीर, देऊळ सगळे पाण्याखाली. माणसाने बोट दाखवावे तर बोटाच्या टोकाला लाटा. म्हाताऱ्याला आठवते, की ओढ्याच्या पल्याड आपली ताल होती आणि वर नाचणीचा माळ होता. टेबलामागचा माणूस विचारतो, सर्व्हे नंबर सांगा, निवाड्याची नक्कल आणा. ती नक्कल ज्या दप्तरात आहे, त्या दप्तराचाच तो माणूस राखणदार असतो. गुत्त्यातला म्हातारा आणि विन्स्टन इथे समोरासमोर बसले आहेत, फरक इतकाच की कागद भट्टीत गेलेला नाही, बाजूच्या खोलीत आहे.

आणि पुष्कळदा उत्तर येते, ‘अभिलेख आढळून येत नाही.’ या वाक्याला कर्ता नाही. कुणी शोधले, कधी शोधले, शेवटचे कुणी हाताळले, काही नाही. कागद आपोआप नाहीसा झाल्यासारखा. ज्याचे सारे आयुष्य त्या कागदावर टांगलेले आहे, त्याला असे बिनकर्त्याचे वाक्य हातात देऊन परत पाठवणे हा अन्याय आहे, मग त्यामागे वाईट हेतू असो वा नसो.

आपले सरकार म्हणजे ऑर्वेलचे सरकार नव्हे, हे निक्षून सांगायला हवे. इथे ठिय्या देता येतो, बातमी छापता येते, न्यायालयात जाता येते. कायदेही आपल्या बाजूचे आहेत. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती, मोजके अपवाद वगळता, द्यावीच लागते. महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेखांचा कायदाही २००५ चाच आणि अभिलेख बेकायदा नष्ट करणाऱ्याला त्यात शिक्षा आहे. कुठली संचिका कायम ठेवायची आणि कुठली वर्षभराने काढायची, याची अ ते ड अशी वर्गवारी प्रत्येक कचेरीत असते. म्हणजे नियम कमी पडत नाहीत. कमी पडते ती गाठ सोडण्याची इच्छा.

इच्छा असली की काय होते, हेही महाराष्ट्राने अलीकडेच पाहिले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये राज्य सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी दप्तरे बाहेर निघाली. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. नोंदी तपासल्या गेल्या, स्कॅन झाल्या, लोकांना घरबसल्या पाहता येतील अशा ठेवल्या गेल्या. आरक्षणाच्या वादात कुणाची बाजू काहीही असो, शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा कागद काही महिन्यांत शोधता येतो, एवढे त्यातून सिद्ध झाले. मग १९६० च्या आसपासचे निवाडे शोधायला काय अडचण आहे?

कोयनेच्या खोऱ्यातली दुसरी एक नोंद पाहण्यासारखी आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे इथे भूकंप झाला, पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली, कोयनानगरची बहुतेक घरे कोसळली. धरणाच्या पाण्याचा भूकंपाशी संबंध आहे का, हा प्रश्न राज्यकर्त्यांना नक्कीच अडचणीचा होता. तरी शास्त्रज्ञांनी त्याचा पाठपुरावा केला, निष्कर्ष छापले, एकमेकांचे खोडून काढले. कराडजवळ आज त्यासाठी केंद्रीय प्रयोगशाळा आहे आणि गोठणे येथे जमिनीत तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेऊन झाले आहे. कोयनेच्या खडकाची गेल्या सहा दशकांची हालचाल जगातला कुठलाही अभ्यासक वाचू शकतो. कोयनेच्या माणसांची त्याच सहा दशकांची हालचाल, कोण कुठून उठले आणि कुठे गेले, तितकीच उघडी असायला हवी.

ते करणे अवघड नाही. बुडालेल्या प्रत्येक गावाचा नकाशा, पाणी चढण्याआधीचे शेवटचे सातबारे, भूसंपादनाचे निवाडे आणि संकलन स्कॅन करून एका ठिकाणी लावावेत. त्याची एक प्रत कोयनानगरला कुणालाही उघडून पाहता येईल अशी ठेवावी, एकेक प्रत पुनर्वसित गावठाणांच्या ग्रामपंचायतींना द्यावी. कागद सापडत नसेल तर तो कधीपासून सापडत नाही आणि शेवटचा कुणाच्या ताब्यात होता, हे लिहून द्यावे. शिवाजी विद्यापीठाने आणि कराड, पाटणच्या महाविद्यालयांनी आपले विद्यार्थी या गावठाणांत पाठवावेत. तिथल्या वृद्धांना गावाची शीव, वाड्या, पाणवठे, देवस्थाने, यात्रेचे दिवस विचारून घ्यावेत आणि ते बोलणे त्या नकाशांशेजारी ठेवावे. नेहरू उद्यानाच्या दाराशी बुडालेल्या सगळ्या गावांच्या नावांची एक पाटी लावावी, म्हणजे सहलीला आलेल्या मुलांना ती वाचता येतील. पावसाळ्यात टीएमसीची चौकट छापणाऱ्या वर्तमानपत्रांनी रोज त्याच चौकटीत एका गावाचे नाव छापले, तरी एका हंगामात यादी पूर्ण होईल.

पेशवे दप्तर उघडायला एकशे बारा वर्षे लागली, तेव्हा त्या कागदांतले कुणीही साक्ष द्यायला जिवंत नव्हते. कोयनेत तसे नाही. पाणी चढले तेव्हा जे वीस वर्षांचे होते, त्यांनी आज ऐंशी ओलांडली आहे, आणि त्यांतले काही जण अजून बोलू शकतात.